वस्तीची गोधडी: जुनी लुगडी कापायची का, आणि कापडावर नावं कुणाकुणाची घालायची?

काठपदर

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या तांडापेठ, पाचपावली, मोमिनपुरा, इंदोरा आणि आसपासच्या वस्त्यांतल्या काही बायका मिळून आम्ही एक मोठं कापड करायला घेतलंय. प्रत्येक घरानं एक चौकोन द्यायचा. त्यावर त्या घराचा कापडाशी जो संबंध असेल तो सुईदोऱ्यानं मांडायचा. कुणी धोटा (मागावर आडवा धागा नेणारं साधन) भरतकामात काढेल, कुणी आजीच्या लुगड्याचा काठ लावेल, कुणी नुसतं नाव टाचेल. मग सगळे चौकोन जोडून, खाली अस्तर घालून, धावदोऱ्याचे टाके घालायचे. भिंतीवर लावता येईल अशी ही वस्तीची गोधडी होईल.

हेच मोहल्ले का, तर यांना जोडणारी गोष्ट कापडच आहे. भोसल्यांच्या राजवटीत वाढलेल्या या शहरात कोष्टी आणि हलबा कोष्टी घरांनी पिढ्यान् पिढ्या नऊवारी लुगडी विणली, इतवारीच्या बाजारात विकली. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून मोमिन विणकर आले. जाडंभरडं देशी कापड विणणारी महार कुटुंबं इथल्या गावोगावी होतीच. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि या सगळ्यांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या भोंग्यावर उठायला लागलं. आज एका गल्लीतल्या मुलांना पलीकडच्या गल्लीत कोण काय विणत होतं हे माहीत नाही. मला या कामातून सगळ्यात जास्त हवंय ते हे, की या बायका एका सतरंजीवर बसून एकमेकींच्या घरची गोष्ट ऐकतील.

आता अडचण. काही जणींनी पेटीतली जुनी लुगडी आणून दिली आहेत आणि त्यातले तुकडे कापून चौकोनात वापरा म्हणाल्या आहेत. त्यातली दोन-तीन इतकी सुंदर आहेत की कात्री लावायला हात उचलत नाही. कापावीत का? दुसरं असं, की चौकोनावर नाव कुणाचं घालायचं? विणणाऱ्याचं, नेसणारीचं की टाके घालणारीचं? आणि तयार झाल्यावर हे ठेवायचं कुठे? जाणकारांनी मोकळेपणानं लिहा.

---

सुईदोरा

किती छान काम हाती घेतलंत! माझ्याकडून फक्त शिवणकामाचं सांगते.

सगळे तुकडे आधी पाण्यातून काढा. नवं सुती कापड आटतं, जुनं आटत नाही. दोन्ही न धुता जोडलीत तर पहिल्या धुण्यात गोधडी चोळामोळा होईल. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग तपासायला पांढरा ओला रुमाल दाबून पाहा, रंग उतरला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी नको. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी सुती लुगड्याशेजारी जोडू नका, ताण वेगवेगळा बसतो आणि शिवणीजवळ सुती कापडच आधी फाटतं. टाके बाहेरून आत, चौकटीच्या कडेनं फिरत फिरत मधे या, आपल्या आया घालायच्या तसे. त्याआधी सगळे थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी नीट बांधून घ्या, नाहीतर मधे फुगा राहतो.

चौकोनाचं माप ठरवलंय का?

---

काठपदर

धन्यवाद ताई. माप दीड फूट बाय दीड फूट असं मनात आहे, शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच जादा.

---

जतन

कृपया कात्री लावू नका. मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अखंड लुगडं हा एक दस्तऐवज असतो. त्याची पूर्ण लांबी, पन्हा (रुंदी), दोन काठांमधलं अंतर, पदराची सुरुवात कुठे होते, ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) किती तार आहेत, कडेला विणकरानं काही खूण ठेवली आहे का, हे सगळं मिळून ते कुठल्या मागावर आणि साधारण कोणत्या काळात विणलं असेल याचा अंदाज बांधता येतो. त्यातला हातभर काठ कापला की काठ सुंदर दिसतो, पण उरलेल्या आठ वारांचं बोलणं बंद होतं. नागपुरी सुती लुगड्यांची जितकी छायाचित्रं आणि मोजमापं नोंदवून ठेवायला हवी होती तितकी ठेवली गेलेली नाहीत. पैठणीवर खूप लिहिलं गेलं. आपलं रोजच्या नेसणीचं लुगडं मात्र नेसून, विरून, पायपुसणं होऊन संपलं. म्हणून पेटीत टिकलेलं प्रत्येक लुगडं मोलाचं.

माझी सूचना अशी. आलेल्या कापडांचे तीन गठ्ठे करा. जे धड आहे, त्याला हात लावायचा नाही. पूर्ण उलगडून दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, लांबी-रुंदी लिहा, एका इंचात किती तार बसतात ते भिंगातून मोजा आणि ज्यांचं त्यांना परत द्या. जे अर्धं विरलं आहे, त्याचा फोटो आणि मोजमाप घेऊन मग विरलेल्या भागाचेच तुकडे घ्या. जे चिंध्या झालं आहे, ते मनसोक्त वापरा.

काळ्या कापडाकडे विशेष लक्ष द्या. जुना काळा रंग बऱ्याचदा लोहाच्या क्षारावर चढवलेला असतो, आणि तो धागा आतून कुजवतो. गंधकाच्या काळ्या रंगानंही सुती कापड वर्षानुवर्षं ठेवल्यावर ठिसूळ होतं. म्हणून जुन्या कापडात बाकी सगळं शाबूत आणि फक्त काळ्या चौकटी गळालेल्या दिसतात. असे तुकडे भार पेलणाऱ्या जागी बिलकुल लावू नका.

---

खड्डामाग

जतन भाऊंचं म्हणणं समजलं, आदरही आहे, पण मी पूर्ण सहमत नाही.

माझे वडील तांडापेठेत खड्डामागावर बसायचे. लुगडं नेसण्यासाठी विणलं जातं. नेसून विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की लहान लेकराचं दुपटं, ते विरलं की चुलीजवळचं फडकं, अशी त्याची चाल आमच्या घरात होती आणि ती कापडाची बेअदबी कुणालाच वाटली नाही. आजी तर म्हणायची, "पेटीत ठेवलेल्या लुगड्याले कसर खाते, अंगावरच्याले नाही खात." तेव्हा गोधडीत जुनं लुगडं घालणं हीसुद्धा आपली परंपराच आहे, हे विसरू नये.

तरी धड लुगडी कापू नयेत हे मला पटतं, आणि त्याचं कारण माझं वेगळं आहे. एकदा एका प्रदर्शनासाठी काही लोक आले आणि आमच्या घरातलं वडिलांनी आईसाठी विणलेलं लुगडं घेऊन गेले. नंतर ते मला काचेमागे दिसलं. खाली पाटीवर "नागपुरी साडी, विसावं शतक" एवढंच. वडिलांचं नाव नाही, मोहल्ल्याचं नाव नाही. लुगडं परतही आलं नाही. त्या दिवसापासून मला वाटतं की कापड घेणाऱ्यानं लेखी पोच द्यावी आणि विणणाऱ्याचं नाव आधी लिहावं. ताई, तुम्ही ज्यांच्याकडून कापड घेताय त्यांना पोच देताय ना?

आणखी एक सांगतो. जुन्या कापडाच्या तुकड्यांतून वारसा गोळा करत असाल तर थोडे पैसे चालू मागावरही टाका. गोधडीच्या चारी बाजूंना जी पट्टी लागणार आहे ती बाजारातून आणू नका. आजही हातमागावर बसणारा माणूस आपल्या भागात सापडतो. त्याला काठाची पट्टी विणायला सांगा. त्याला मजुरी मिळेल, आणि तुमच्या कापडात या वर्षीचा नागपूरचा हातही येईल.

---

काठपदर

खड्डामाग दादा, तुमच्या वडिलांच्या लुगड्याचं वाचून फार वाईट वाटलं. आतापर्यंत आम्ही वहीत फक्त देणारीचं नाव लिहीत होतो. आजपासून दोन प्रतींची पोच करतो: काय दिलं, कुणी विणलं असं घरात सांगतात, कोण नेसायचं, परत हवं की नको. आणि पट्टीची कल्पना मला इतकी आवडली आहे की ती नक्की करायची.

तुम्ही खड्डामागाचं थोडं लिहाल का? आमच्यातल्या तरुण मुलींनी तो पाहिलेलाच नाही.

---

खड्डामाग

लिहितो की. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत कमरेएवढा खड्डा. विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर (पायानं दाबायच्या पट्ट्यांवर). ताणा जमिनीच्या जवळून आडवा जातो. यात एक शहाणपण आहे. सुताला ओल लागते, कोरडं झालं की तार तुटतो. जमिनीलगत ओलावा टिकतो म्हणून माग खाली. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, एप्रिल-मेमध्ये हवा नुसती भाजते. तेव्हा खड्ड्याच्या भोवती पाणी शिंपडायचे, ओलं पोतं टाकायचे, आणि खरी विणाई पहाटे. दुपारी आई आणि बहिणी कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायच्या.

हे मी मुद्दाम लिहितोय. विणकर म्हणून नाव नेहमी पुरुषाचं लागतं. पण पांजणीला, म्हणजे ताण्याला खळ लावून कुंचा फिरवायला, अख्खं घर रस्त्यावर यायचं. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरलेला आणि शेजारीपाजारी हात लावायला आलेले. कांडी भरणं, सूत उकलणं, तुटलेले तार सांधणं ही कामं बायका-पोरांची. त्यांना मजुरी वेगळी कधी मिळाली नाही, घराच्या एका लुगड्याच्या दामातच ती धरलेली. चौकोनावर नाव घालाल तेव्हा कांडी भरणारीचंही घाला.

---

इंदोरा_चौक

मोलाचा धागा आहे. माझं घर मिल कामगारांचं. पणजोबा, आजोबा दोघंही एम्प्रेसमध्ये. म्हणून मिलच्या बाजूनं लिहितो.

एम्प्रेसचं कौतुक आपण सगळे करतो आणि ते करायला हवंच. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात घेतली, भर घालून मिल उभी केली. मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथेच आजूबाजूला पिकत होता आणि १८६७ मध्ये रेल्वे इथवर पोहोचली होती. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ पासून अपघाताची भरपाई, हे त्या काळाच्या फार पुढचं होतं. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहतांनी ती मिल कशी चालवली हे अजून घराघरांत सांगतात.

पण ज्या घरांत हातमागाचं जाडं कापड विणलं जायचं, त्या महार घरांचा धंदा गिरणीच्या सुतानं आणि कापडानं मोडला, हेही त्याच इतिहासात आहे. तीच माणसं मग गिरणीत कामाला गेली. आणि गिरणीत सगळे विभाग सगळ्यांना खुले नसायचे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, कारण धोट्यातून धागा ओढायला तोंड लावावं लागायचं आणि त्याची शिवाशिव मानली जायची. विणाई खात्यात पगार जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. ज्यांच्या वाडवडिलांच्या हातात विणकाम होतं त्यांनाच विणण्यापासून दूर ठेवलं गेलं, हे मला आजही सहन होत नाही.

तेव्हा तुमच्या गोधडीत "सगळे मिळून कापड विणत होते" असं गोड चित्र नको. सगळे कापडाच्या कामात होते, पण सारख्या जागेवर नव्हते. आमच्या चौकोनात मी हे टाचणार आहे, चालेल का?

आणि आमच्या घरातून एक पांढरा तुकडा येईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेली होती. ते पूर्ण लुगडं आता नाही. पदराचा एक भाग आईनं जपून ठेवला आहे. त्यावर भरतकाम करायचं नाही, सुई फक्त कडेनं लावायची, ही आईची अट आहे.

---

काठपदर

चालेल का असं विचारू नका भाऊ. तो चौकोन आलाच पाहिजे. तुमच्या आईची अट जशीच्या तशी पाळू. तुकड्याच्या कडेनंही सुई घालायला नको असेल तर वर झिरझिरीत जाळी ठेवून फक्त जाळी शिवता येईल, कापडाला भोकच पडणार नाही. जतन दादा, हे बरोबर आहे ना?

---

जतन

अगदी बरोबर. बारीक सुती किंवा रेशमी जाळी चालेल. खाली धुतलेला, खळ काढलेला मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड) ठेवा, वर तुकडा, त्यावर जाळी, आणि टाके तुकड्याच्या बाहेर. नंतर कधी तुकडा परत काढायची वेळ आली तर जसाच्या तसा निघेल. सगळ्याच मोलाच्या तुकड्यांना हीच पद्धत वापरा. डिंक, फेविकॉल, इस्त्रीनं चिकटणारं अस्तर यातलं काहीही लावू नका. आज सोपं वाटतं, पुढे पिवळं पडतं आणि कडक होतं.

खड्डामाग भाऊ, तुमचा मुद्दा मान्य. घरात गोधडी करणाऱ्या आजीला मी कधीच अडवणार नाही. माझा आग्रह एवढाच की कापण्याआधी नोंद व्हावी.

---

मोमिनपुरा_वाला

सलाम आणि नमस्कार. आमच्या मोहल्ल्यात या कामाची चर्चा घरातल्या बायकांनी केली तेव्हा कळलं. आम्ही घरात उर्दू-हिंदी बोलतो, पण माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, म्हणून इथे लिहायची हिंमत केली.

आमच्या दादांनी आयुष्यभर नऊवारी विणली. नेसणाऱ्या बायका दुसऱ्या गल्लीतल्या, सण त्यांचे, रंग त्यांच्या आवडीचे. कोणत्या सणाआधी कोणता काठ जास्त खपतो हे दादांना व्यापाऱ्याआधी माहीत असायचं. आमच्या घरात कुणी लुगडं नेसत नव्हतं, पण लुगड्याचं माप प्रत्येकाला पाठ. पुढे हातमाग उठले, काहींनी पॉवरलूम घातले, बरेच जण दुसऱ्या कामाला लागले.

माझी अम्मी चौकोनावर काय करायचं विचारत होती. तिला नाव उर्दूत लिहायचं आहे. चालेल?

---

काठपदर

चालेल भाऊ, नक्की चालेल. ज्या लिपीत ज्यांचं नाव त्या लिपीत टाचायचं. अम्मींना आमचा सलाम सांगा. आणि दादांना पाठ असलेली मापं अम्मींना आठवत असतील तर ती त्यांच्याकडून लिहून घ्या. लुगड्याचा पन्हा किती, काठ किती बोटं, पदर कुठे सुरू व्हायचा. आमच्या वहीत त्याला पहिलं पान देईन.

---

ऐनाचं_झाड

भंडारा जिल्ह्यातून लिहितेय. वाचून राहवलं नाही. नागपूरचं लुगडं म्हणताना आमच्याकडचं करवती विसरू नका हो ताई! मोहाडी, आंधळगाव भागात विणलेली टसरची (रानटी रेशमाची) करवतकाठी साडी नागपूरच्याच बाजारात जायची. तिला आता भौगोलिक मानांकन आहे.

तिची मेहनत जंगलातून सुरू होते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढतो. आमच्याकडे ढिवर समाजातले लोक पिढ्यान् पिढ्या हे किडे राखत आले. पाखरं, मुंग्या, पाऊस, सगळ्यांपासून झाडावरच्या अळ्या जपाव्या लागतात, त्यासाठी माणूस रानातच मुक्काम ठोकतो. मग कोश उकळून बायका मांडीवर धागा वळत काढायच्या. तो धागा मागावर जायचा.

आणि विणताना तीन धोटे. दोन्ही काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक. प्रत्येक फेकीला अंगाचा बाणा (आडवा धागा) काठाच्या बाण्यात अडकवून वळवायचा. म्हणून काठाचा रंग अंगात सांडत नाही, काठ गच्च एकरंगी राहतो आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे करवतीचे दात उमटतात. वेळ फार जातो. यंत्रावर नुसता दात्यांचा नमुना उठवलेली साडी स्वस्तात मिळते, पण तिची उलटी बाजू पाहिली की लगेच कळतं. खऱ्या करवतीत दोन्ही बाजूंनी काठ सारखाच बोलतो.

तुमच्या गोधडीची पट्टी विणणार असाल तर करवतीचा दाता त्यात असू द्या. आणि नावांच्या यादीत कोसा राखणाऱ्यालाही जागा द्या. तो तर कुठल्याच पाटीवर येत नाही.

---

खड्डामाग

ऐनाचं झाड ताई, बरोब्बर! तीन धोट्यांचा माग चालवणारा विणकर मिळाला तर त्याच्याकडूनच पट्टी घेऊ. विणकर सेवा केंद्र नागपुरातच आहे, हातमाग महामंडळाचं मुख्यालयही उमरेड रोडवर आहे. कोण कुठे विणतो याची चौकशी तिथून सुरू करता येईल. मीही माझ्या ओळखीत विचारतो.

---

परदेशस्थ_वऱ्हाडी

मूळचा अमरावतीचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत. नावांच्या प्रश्नावर एक उदाहरण द्यावंसं वाटतं.

एड्सनं गेलेल्या माणसांच्या आठवणीत इथे एक प्रचंड गोधडी केली गेली. ११ ऑक्टोबर १९८७ ला ती वॉशिंग्टनच्या मैदानावर पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, आणि प्रत्येकावर गेलेल्या माणसाचं नाव. ज्यांचं नाव घ्यायलाही घरचे लाजत होते त्यांची नावं सुईनं टाचली गेली. उलगडताना ती नावं मोठ्यानं वाचली जात. आज ती इतकी वाढली आहे की एका जागी पूर्ण अंथरणं जवळपास अशक्य आहे.

विषय अगदी वेगळा आहे, तुलना करत नाही. पण त्यांची एक रीत तुमच्या कामाची आहे. आठ तुकडे मिळून बारा फुटांचा एक मोठा चौक शिवायचा आणि असे चौक स्वतंत्र ठेवायचे. म्हणजे नवीन घरं आली की नवा चौक जोडता येतो, आणि एखादाच चौक शाळेत किंवा वाचनालयात नेता येतो. सगळी गोधडी एकसंध शिवलीत तर ती हलवायलाच माणसं पुरणार नाहीत.

---

सुईदोरा

हे फार उपयोगी सांगितलंत. दीड फुटाच्या चौकोनांतून चार बाय चार घेतले तर सहा फुटांचा एक चौक होतो. दोन जणींना सहज उचलता येईल, आणि खालच्या सतरंजीवर चौघी चारी बाजूंनी बसून टाके घालू शकतील. माझं मत यालाच.

---

तांड्यावरची

जरा बिचकतच लिहितेय. आमचा तांडा यवतमाळ जिल्ह्यात, लग्नानंतर मी पाचपावलीत आले. आम्ही बंजारा बायका विणत नाही. आमच्याकडे कापड बाजारातून येतं आणि मग त्यावर आमचं काम चढतं. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), डोक्यावरची ओढणी, त्यावर आरसे, कवड्या, रंगीत दोऱ्यांचं भरतकाम. माझ्या याडीनं (आईनं) माझ्या लग्नासाठी भरलेला एक तुकडा माझ्याजवळ आहे. ही विणकरांची गोधडी आहे म्हणून गप्प होते. माझा चौकोन यात बसेल का?

---

काठपदर

बाई गं, बिचकायचं काय त्यात! तुम्ही पाचपावलीत राहता, सुई तुमच्या हातात आहे, आईनं भरलेला तुकडा पेटीत आहे. मी पहिल्या पोस्टमध्ये "कापडाशी संबंध" असंच लिहिलं होतं, आणि यापेक्षा जवळचा संबंध कोणता असणार? याडीनं भरलेला तुकडा मात्र कापू नका. त्यातला एखादा टाका, एखादी नक्षी नव्या कापडावर भरा, आणि जमलं तर आम्हालाही शिकवा. आमच्याकडे भरतकाम येणाऱ्या फार कमी आहेत, सगळ्यांची धाव धावदोऱ्यापर्यंतच. तुम्ही येणार म्हटल्यावर मी बैठकीत सांगून ठेवते.

---

इंदोरा_चौक

ताई, जागेबद्दल बोलू या का? माझ्या मनात भीती आहे की हे एखाद्या मोठ्या सभागृहात लागेल, उद्घाटन होईल, आणि ज्या घरांनी चौकोन दिले त्यांना ते पाहायला पास लागेल.

---

काठपदर

तीच भीती मलाही आहे भाऊ. काही जणांनी सुचवलं की सरळ अजब बंगल्याला द्या. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, मान मिळेल, सुरक्षित राहील. त्यांचं चुकीचं नाही. पण माझं मन आधी वस्तीत ठेवायचं म्हणतंय. एक चौक तांडापेठेतल्या वाचनालयात, एक इंदोऱ्यातल्या विहारात, एक मोमिनपुऱ्यातल्या शाळेत, आणि दर काही महिन्यांनी अदलाबदल. म्हणजे तांडापेठेतली पोरं इंदोऱ्याचा पांढरा तुकडा पाहतील आणि विहारातल्या मुलांना अम्मींचं उर्दू नाव दिसेल. वर्षातून एकदा ७ ऑगस्टला, हातमाग दिनाला, सगळे चौक एका मैदानात किंवा मोठ्या हॉलमध्ये एकत्र अंथरायचे आणि नावं वाचायची.

जतन दादा, असं फिरवलं तर कापडाला किती त्रास होईल?

---

जतन

कापडाला त्रास होईल, पण सांभाळता येईल इतका. वरच्या कडेला मागून पूर्ण लांबीची नळीसारखी शिवण घाला आणि त्यात लाकडी दांडा सरकवा, म्हणजे वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. खिळे, चिमटे, कोपऱ्यांत दोरी, यातलं काही नको. लाकूड थेट कापडाला लागू नये म्हणून दांड्याला मांजरपाट गुंडाळा. खिडकीसमोर लावू नका. संग्रहालयांत कापडासाठी साधारण ५० लक्स उजेड धरतात, म्हणजे आपल्या घरच्या मंद दिव्याइतका. शाळेत ते जमणार नाही, म्हणून निदान ऊन थेट पडणार नाही एवढं पाहा आणि एका ठिकाणी तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका.

नेताना घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याची नळी किंवा पीव्हीसी पाइप घ्या, त्याला धुतलेला मांजरपाट गुंडाळा आणि चौक उजवी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. घडीच्या रेषेवर जुना धागा तुटतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवू नका, आत दमट राहून बुरशी येते. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून नकोत. आणि खळ लावलेलं काहीही आत जाऊ देऊ नका, कसरीला खळ फार आवडते.

अजब बंगल्याचं म्हणाल तर कापड वस्तीत राहू द्या, नोंदवहीची आणि फोटोंची एक प्रत मात्र संग्रहालयाला आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या. वस्तीतल्या प्रतीला काही झालं तरी नोंद राहील.

---

काठपदर

सगळ्यांचं वाचून, काल बैठकीत बायकांशी बोलून जे ठरलं ते लिहिते.

धड लुगड्यांना कात्री लागणार नाही. ती मोजून, फोटो काढून परत जातील, पोच दोन प्रतींत. विरलेल्या भागांचे तुकडे जाळीखाली लागतील. खूप आजी आनंदानं "काप वो माय, माह्यं नाव तेवढं टाक" म्हणाल्या, त्यांची चिंध्या झालेली लुगडी धावदोऱ्याखाली जातील.

नावाच्या प्रश्नावर बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी असं ठरलं की प्रत्येक चौकोनाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर तीन ओळी: कुणी विणलं किंवा भरलं, कुणी कांड्या भरल्या किंवा सूत दिलं, कुणी नेसलं. पुढच्या बाजूला फक्त टाके घालणारीचं नाव, तिच्या लिपीत, तिच्या अक्षरात. एक काकू सही करायला आताच शिकल्या आहेत. त्यांना आपलं नाव भिंतीवर यावं असं फार वाटत होतं. ज्यांना विणणाऱ्याचं नाव माहीत नाही त्यांनी "नाव आठवत नाही" असं टाचायचं, रिकामं सोडायचं नाही. हे सुचवलं एका कॉलेजच्या मुलीनं, आणि मला ते फार पटलं.

इंदोरा भाऊंचा मुद्दा बैठकीत वाचून दाखवला. काही वेळ कुणी बोललं नाही. मग तांडापेठेतल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या दारात कापड घेऊन यायचे ते लोक, आम्ही दुरूनच घ्यायचो. हे मी माह्या हातानं टाचतो." त्यांच्या चौकोनावर आता दोन दारं आणि मधलं अंतर येणार आहे. हे मी ठरवलेलं नाही, कुणी त्यांना सांगितलेलंही नाही. मला वाटतं, याच्यासाठीच तर सतरंजी अंथरली होती.

पट्टीसाठी करवतीचा दाता पक्का. खड्डामाग दादांनी एका विणकर काकांशी बोलणं करून दिलं आहे. मजुरी त्यांनी सांगितली ती, घासाघीस नाही, आणि निम्मी आगाऊ.

---

ऐनाचं_झाड

वाचून डोळे भरून आले ताई. पट्टीला टसर घेणार की सूत? भिंतीवर टांगायचं असेल आणि फिरवायचं असेल तर माझ्या मते पट्टी पूर्ण सुती घ्या, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमकदार केलेल्या) दुपदरी सुतात. टसर आणि सूत ओलाव्यात वेगवेगळं वागतात, कडेला घोळ येईल. टसर हवंच असेल तर मधल्या एखाद्या चौकोनात घ्या. कोशांची टरफलं मी पाठवू शकते, त्यांचीही नक्षी करता येते.

---

काठपदर

मग पट्टी सुतीच. काठ गडद लाल, अंग कोऱ्या रंगाचं. टरफलं नक्की पाठवा, आणि ज्यांच्याकडून आली त्यांची नावं सोबत लिहून पाठवा, मागच्या पट्टीवर घालायची आहेत.

तांड्यावरची ताई, पुढच्या बैठकीला सुया जाड आणाव्यात की बारीक? आरसे आम्ही आणू का तुमच्याकडचे वापरायचे?

---

तांड्यावरची

बारीक आणा, दोरा सुती सहापदरी, आरसे मी आणते. बाजारातले प्लॅस्टिकचे नको, काचेचेच बसवू. पहिल्या दिवशी फक्त आरसा कसा धरायचा तेवढंच दाखवते, चार टाके आडवे, चार उभे, मग गोल. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्मा आणा.